ध्रुवनौकेतला सातवा माणूस

आमच्या टीव्हीवर पांढरे ठिपके धावायला लागले की समजायचं, खाली दुकानात बाबूजींनी नाव टाकायची मशीन सुरू केली. आष्टीच्या बाजारओळीत आमचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही, आणि दुकानाच्या मागच्या खोलीतून वर येणारा एक अरुंद लाकडी जिना. लग्नसराईत कोणी ताट, पाण्याचा गुंड, परात आहेरासाठी घेतली की तिच्यावर देणाऱ्याचं नाव टाकून द्यावं लागे. त्यासाठी पेनासारखी हातात धरायची विजेची एक लहानशी मशीन होती. तिची सुई भांड्यावर टेकली की दातांत शिरशिरी यावी असा आवाज व्हायचा, आणि वरच्या खोलीतल्या टीव्हीचं चित्र ठिपक्यांनी भरून जायचं. बाबूजींची शाळा सातवीत सुटली होती, पण अक्षर फार सुबक. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्यांचं हस्ताक्षर मांडणीवर बसलेलं असे. अजूनही आष्टीला कोणाकडे पंगतीला बसले की मी वाढून यायच्या आधी ताटाची कड वाचून घेते.

भांड्यांच्या दुकानावर वाढलेल्या माणसाला शांततेची सवय नसते. दिवसभर खालून काही ना काही पडत असायचं, आपटत असायचं, गिऱ्हाईक टिचक्या मारून पितळ पाहायचं. आई वर पोळ्या लाटता लाटता नुसत्या आवाजावरून सांगायची, "जर्मनचा गंज पडला," म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, किंवा "परात होय ते, पाह्य वं मंदे, चेंबली का." मी खाली जाऊन पाहावं तर परातच असायची. तिचा कान चुकल्याचं मला आठवत नाही. बाबूजी कमी बोलत. त्यांना जे सांगायचं असे ते ते आईला सांगत, आणि आई ते आम्हाला सांगे. मधला निरोप्या नसला तर घरातले पुरुष आणि मुलं एकमेकांशी बोलणारच नाहीत, अशी बरीच घरं तेव्हा होती. आमचं त्यातलंच एक.

माझा भाऊ अरुण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याला बाबूजींनी नागपूरला कॉलेजात घातलं होतं, परत येऊन दुकानात बसेल या हिशेबानं. तो तिथं नाटकात शिरला आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा न देता मुंबईला निघून गेला. जाताना घरी आला नाही, पत्र पाठवलं. ते आईनं माझ्याकडून वाचून घेतलं आणि बाबूजी खाली गेले. त्यानंतर गावात कोणी विचारलं की बाबूजी म्हणत, "मुंबईले हाय, कंपनीत." कोणत्या कंपनीत, हे कोणी विचारत नसे. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरून पुढचा प्रश्न विचारायचा की नाही हे आमच्याकडच्या लोकांना बरोबर समजतं. भावाची पत्रं येत, आई उत्तरं लिहून घेई माझ्याकडून, आणि बाबूजी त्या वेळी नेमके दुकानात असत. अशी दोन वर्षं गेली.

त्याच सुमारास टीव्हीवर रविवारी सकाळी 'ध्रुवनौका' नावाची हिंदी मालिका लागायची. पृथ्वीपासून दूर भरकटलेलं एक अंतराळयान आणि त्यातली सात माणसं. त्यांना घरी परत यायचं होतं आणि दर आठवड्याला कुठल्या तरी ग्रहावर नवं संकट उभं राहायचं. आता माझी नात अशी पर्वंच्या पर्वं फोनवर एका बैठकीत संपवते आणि मग मला सांगते, "आजी, दुसरं पर्व बोर आहे." तेव्हा पर्व हा शब्द नव्हता. पहिला भाग संपला, दुसरा भाग येणार, असं म्हणत, आणि दर रविवारच्या तुकड्याला हप्ता. पहिल्या भागानं गावाला वेड लावलं होतं. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही मुली सात जणी बाकावर चढून यान चालवायचो. मला कधी कप्तान होता आलं नाही, मी दर वेळी तो म्हातारा शास्त्रज्ञ व्हायची, कारण मला खोकता चांगलं यायचं. हा शास्त्रज्ञ पाचव्या हप्त्यात मेला होता आणि दोन हप्त्यांनी एका काचेच्या पेटीतून पुन्हा जिवंत होऊन बाहेर आला होता. त्या दिवशी आमच्या घरात टाळ्या पडल्या होत्या. आमच्याकडे टीव्ही असल्यामुळे शेजारच्या रमाकाकू आणि त्यांची मुलं, शाळेतले गजभिये सर, झालंच तर बाजारओळीतले दहा-बाराजण यायचे. सर विज्ञान शिकवायचे. प्रकाशवर्ष म्हणजे काय, वजन नसलं की माणूस तरंगतो कसा, हे ते जाहिरातींच्या वेळात समजावून सांगत, आणि आई सगळ्यांना पोहे देई. हरभऱ्याची तर्री एका गंजात मधोमध ठेवलेली असे, ज्यानं त्यानं वाढून घ्यायची. त्या तर्रीनं नाक वाहायला लागे, त्यामुळे मालिकेच्या दुःखद प्रसंगांना कोण खरंच रडतंय ते समजत नसे.

दुसरा भाग सुरू व्हायच्या आठवड्यात भावाचं पोस्टकार्ड आलं. चारच ओळी होत्या. 'रविवारी दहा वाजता टीव्ही पाहजा. ध्रुवनौकेत यंदा सातवा माणूस बदलला आहे. तो मी आहे. बाबूजींना सांगजो.' आईनं ते कार्ड तीनदा माझ्याकडून वाचून घेतलं. मग पदरात धरून जिना उतरली. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ती परत वर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "सांगतलं." तिसऱ्या प्रहरापर्यंत गावभर झालं होतं. गजभिये सरांनी पेढे आणले. बाबूजी कोणाला मुंबईतल्या कंपनीबद्दल काय सांगत होते ते आता कोणालाच आठवेनासं झालं, आणि हा लोकांचा चांगुलपणाच म्हणायचा.

त्या रविवारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दहा वाजले, पाट्या सुरू झाल्या, सहा जुने चेहरे एकेक करून आले, आणि शेवटी सातवा: कानांवर मोठे हेडफोन चढवलेला (तेव्हा असल्या वस्तूला आम्ही नुसतं 'कानाचं' म्हणायचो), अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातलेला आमचा अरुणभाऊ. तो यानाचा संदेशवाहक होता. पृथ्वीवरून येणारे संदेश ऐकायचे आणि कप्तानाला सांगायचे, हे त्याचं काम. रमाकाकूंच्या पोरांनी शिट्टी मारली. आई टीव्हीच्या इतकी जवळ सरकली की मागच्यांना दिसेना. भाऊ पहिलं वाक्य बोलला, आणि त्याच क्षणी खालून टर्रर्र सुरू झालं आणि पडदाभर ठिपके पसरले.

"बाप्पा! आत्ताच नाव टाका लागते का?" रमाकाकू म्हणाल्या. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नव्हता आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही ठिपक्यांतून जेवढा भाऊ दिसला तेवढा पाहिला. हप्ता संपला, सगळे एकदम बोलायला लागले. आई टीव्हीकडेच पाहत होती. मग मला म्हणाली, "मंदे, हा आवाज आपल्या अरुणचा नाई."

सगळे हसले. मीसुद्धा. गजभिये सर म्हणाले, "वहिनी, यंत्रातून आला की आवाज बदलतो. आपला आवाज रेडिओवर ऐकला तर आपल्यालाही ओळखू येत नाही."

"तसं असन," आई म्हणाली आणि गंज उचलून नेला.

पुढच्या रविवारी पुन्हा ठिपके आले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत. चौथ्या रविवारी भावाचा प्रसंग लागायच्या आधी मशीन चालू होती आणि प्रसंग लागल्याबरोबर ती थांबली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही; वीज कमी-जास्त झाली असेल किंवा गिऱ्हाईक आलं असेल. भावाला दर हप्त्याला तीन-चार वाक्यं असायची. मी ती वहीत लिहून ठेवायची. गावात लोक आता मला 'संदेशवाहकाची बहीण' म्हणायला लागले होते, आणि बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं भांडी पाहता पाहता बाबूजींना विचारायची, "शेटजी, तो टीव्हीतला तुमचाच का?" बाबूजी "हो" म्हणायचे आणि लगेच भांड्याला टिचकी मारून दाखवायचे.

सहाव्या हप्त्यात भाऊ मेला.

आम्हाला कोणालाच आधी माहीत नव्हतं. यानाला आग लागली होती, संदेशाची खोली बंद करून घेतल्याशिवाय बाकीचे वाचणार नव्हते, आणि आमचा भाऊ आतून दार लावून घेतो. काचेपलीकडून कप्तान बाई त्याला हाका मारते. तो म्हणतो, पृथ्वीवरून संदेश आला आहे, ते लोक जागे आहेत, आपली वाट पाहत आहेत. मग काचेवर त्याचा हात दिसतो आणि हळूहळू खाली घसरतो. पुढच्या दृश्यात त्याचं शरीर पांढऱ्या कपड्यात गुंडाळून एका नळीतून आकाशात सोडून दिलं. अग्नी नाही, माती नाही. सहाजण नमस्कार करून उभे होते.

मग रमाकाकूंनी आईचा हात धरला. "अवं चांगलं झालं समज. मेल्याची खोटी बातमी आली का मानसाचं आयुष्य वाढते."

"बातमी नोती ना ते," आई म्हणाली. "म्या डोयानं पाह्यलं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी रविवार म्हणून पाटोडीचा रस्सा करायचा होता. तिनं तो केला. सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः बसली नाही. संध्याकाळी बसली नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आई तू जेव, तर म्हणाली, "भूक नाई लागून राह्यली." तिला वेड लागलं नव्हतं, हे मला इथं स्पष्ट लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर नातेवाइकांत ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जायची. ती रोजची सगळी कामं करत होती. केळझरच्या गणपतीला तिनं नवस बोलला तोही मला हसत हसतच सांगितला. फक्त घास तिच्या तोंडात जात नव्हता. भावाच्या खोलीवर फोन नव्हता, पत्राला जायला चार दिवस आणि यायला चार दिवस लागणार होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबूजी जेवायला वर आले, तेव्हा ती ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमी जा अन् पाहून या."

"खोटं असते ते," बाबूजी म्हणाले.

"मले माहीत हाय खोटं हाय. तरी पाहून या."

बाबूजींनी ताटातली पोळी मोडली, तशीच ठेवली. "मंदीले घेऊन जातो," ते म्हणाले. "इंग्रजी पाट्या वाचा लागन."

बाबूजी तोपर्यंत नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. आम्ही एसटीनं वर्ध्याला आलो आणि तिथून रेल्वेत बसलो. आईनं भाकरी, ठेचा आणि संत्री बांधून दिली होती. वाटेत बाबूजी खिडकीबाहेर पाहत होते. एकदाच त्यांनी मला विचारलं, "तो म्हतारा मेला होता नं, पयल्या भागात? अन् मंग परत आला?" मी म्हटलं, हो, काचेच्या पेटीतून. "हं," ते म्हणाले. त्यांनी पहिला भाग कधी वर येऊन पाहिला नव्हता. मला वाटलं गजभिये सरांनी सांगितलं असेल, आणि तसंच होतं. निघायच्या आधी ते सरांकडे जाऊन आले होते.

भावाची खोली सापडायला अर्धा दिवस गेला. तिथं तो नव्हता. त्याच्यासोबत राहणाऱ्या एका मुलानं सांगितलं, तो शूटिंगला गेलाय. बाबूजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "मेला तर मंग शूटिंगले कायले?" त्या मुलानं आम्हाला तिथपर्यंत पोचवलं. पत्र्याची एक मोठी शेड होती, आत उकाडा, आणि त्या उकाड्यात मधोमध ध्रुवनौका उभी होती. मी इतके दिवस जे पाहत होते ते प्लायवूड होतं. मागून पाहिलं तर नुसत्या पट्ट्या आणि खिळे. आमचा टीव्ही काळा-पांढरा. त्यामुळे यानातल्या लोकांचे पोशाख हळदीच्या रंगाचे असतात हे मला त्या दिवशी कळलं. बाबूजी मात्र भिंतीजवळ गेले आणि चष्मा वर करून पाहू लागले. यानाच्या भिंतीवर जी गोल गोल यंत्रं दिसायची, ती म्हणजे रंग मारलेले इडलीचे साचे होते. दिव्यांच्या जागी चाळण्या, मीटरच्या जागी डब्यांची झाकणं. बाबूजींनी एका झाकणाला टिचकी मारली. "पातय हाय," ते म्हणाले. "हलका माल देल्ला कोनी तरी."

तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं आणि सगळे गप्प झाले. यानाचं दार उघडायचं होतं. टीव्हीत ते दार आपोआप सर्रकन बाजूला सरकायचं. इथं त्याला मागून दोरी बांधली होती आणि दोन माणसं ती ओढत होती. त्यातला एक अरुणभाऊ होता. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं, बारीक झालेला. सहाजण त्या दारातून आत गेले आणि त्यानं दार पुन्हा लोटून घेतलं. मग मागे वळला आणि त्याला आम्ही दिसलो.

बाबूजी त्याच्याशी बोलले नाहीत. ते सरळ खुर्चीवर बसलेल्या दिग्दर्शकाकडे गेले. खांद्यावर टॉवेल टाकलेला, टक्कल पडलेला तो माणूस सज्जन होता. त्यानं ओळख विचारली, खुर्ची दिली, चहा मागवला. बाबूजी बसले नाहीत. आमच्याकडच्या हिंदीत त्यांनी सांगितलं ते मला शब्दशः आठवतं, "साहब, मेरे लड़के को वापस जिंदा कर देव. वो बुढ्ढा मरा था तो तुमने पेटी में से निकाला ना? वैसाच इसको निकालो. इसकी माँ चार दिन से खाना नहीं खाई."

आजूबाजूचे लोक हसले नाहीत, एवढं मला त्या शेडबद्दल चांगलं आठवतं. दिग्दर्शकानं खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसली. मग त्यानं भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, हमने नहीं मारा. इसीने कहा था, मुझे मार दो."

बाहेर चहाच्या टपरीजवळ एक बाकडं होतं. आम्ही तिघं तिथं बसलो, मी मधे. भाऊ संतापलेला होता. दोन वर्षांनी बाप भेटला तो सगळ्यांसमोर असं मागणं मागताना, याची त्याला लाज वाटत होती, हे मला आता समजतं. त्या वेळी मला तो नुसता उद्धट वाटला.

"कायले आले तुमी इथी?" तो म्हणाला.

"तुह्या आईनं धाडलं," बाबूजी म्हणाले. आणि मग, माझ्यामार्फत नव्हे, सरळ त्याला विचारलं, "काऊन सांगतलं मारा म्हनून?"

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. मग भाऊ म्हणाला, "बाबूजी, त्याच्यात मी बोलतच नाई. माही हिंदी त्यायले चालत नाई. म्हनते, गावाकडची वाटते. मी नुसतं तोंड हालवतो, अन् मंग दुसरा एक जन येऊन माह्या जागी बोलते. पयल्या दिवशीच सांगतलं असतं तं मी आलोच नसतो. सहा हप्ते झाले. मी म्हटलं, मरू द्या मले. दोरी ओढतो, पन हे नको."

बाबूजींनी कपबशी खाली ठेवली. "सगयेच्या सगये? सहाही?"

"सहाही."

"तुही आई पयल्याच दिवशी बोलली होती," ते म्हणाले. "आमी सारे हासलो तिले." मग जमिनीकडे पाहत, जणू ते मलाच सांगत होते, असं म्हणाले, "म्या जिन्यात बसून आयकत होतो. वरती येऊन पाह्यलं नाई म्या. नुसतं आयकत होतो. मले वाटे, मुंबईले राहून आवाज बदलला पोराचा. भारी झाला. पयले दोन रविवार मशीन लावली, मंग म्या चार रविवार दुसऱ्याच्याच पोराचा आवाज आयकला."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. बाबूजींना जिन्याच्या अंधारात पायरीवर बसलेलं मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि मला ते जमेना. भाऊसुद्धा त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्याचा संताप कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"बोल आता," बाबूजी म्हणाले.

"काय बोलू?"

"मराच्या वक्ती बोलला ना, कप्तान बाईले. तेच बोल."

भाऊ आधी नाही म्हणाला. मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं, मांडीवर हात ठेवले आणि बोलला. "कप्तान, पृथ्वी से संदेश आया है. वे लोग जाग रहे हैं. हमारी राह देख रहे हैं." ट्रक जात होते, टपरीवर स्टो पेटलेला होता, त्यामुळे त्याला जोरात बोलावं लागलं. त्याचा आवाज थोडा घोगरा, आमच्याच घरातला. शेवटच्या 'रहे हैं'चं त्यानं नकळत आमच्यासारखं 'रह्ये है' केलं.

बाबूजी मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "पन त्यायचंही चुकलं नाई म्हनाव. 'रह्ये है' म्हनून राह्यला तू."

भावाला आधी हसू आलं, मग बाबूजींना. त्या दोघांना एकत्र हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, त्यामुळे मीही हसत सुटले आणि चहा माझ्या फ्रॉकवर सांडला. त्याच्या वाट्याची भाकरी आणि ठेचा बाबूजींनी पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला. घरी चल, असं ते म्हणाले नाहीत. भाऊही येतो म्हणाला नाही. मालिकेचं काम संपेपर्यंत दोरी ओढणं त्यानं कबूल केलं होतं आणि शब्द मोडायचा नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी परत निघालो.

घरी पोचलो तेव्हा आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. "जित्ता हाय," बाबूजी खालूनच म्हणाले. "बारीक झाला. दार ओढते." आणि वर येता येता, "आवाजाचं तुहंच खरं होतं." आईनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. "मले माहीत होतं," म्हणाली आणि आमच्यासाठी ठेवलेल्या वरणभाताचं तिसरं ताट काढून आमच्यासोबत जेवायला बसली. पुढे कित्येक वर्षं मी विचार करत होते की तिला नेमकं काय माहीत होतं. तो जिवंत आहे हे, की पडद्यावर मेला तो तिचा मुलगा नव्हताच हे. विचारायचं राहून गेलं.

भाऊ होळीला आला. वर्षभर दुकानात बसला, भांड्यांवर नावं टाकायला शिकला, पण अक्षर वाईट म्हणून गिऱ्हाईक बाबूजींकडेच जायचं. मग एका नाटक कंपनीबरोबर तो झाडीपट्टीत गेला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, हजारो माणसं शेकोट्या पेटवून पाहतात, आणि तिथं नटाला आपल्याच घशानं शेवटच्या माणसापर्यंत पोचावं लागतं. तिथं त्याच्या बोलण्याला कोणी नाव ठेवलं नाही. एकतीस हंगाम त्यानं केले. मोठा नट झाला असं मी म्हणणार नाही. पण पोटापुरतं मिळवलं, लग्न केलं, आणि आता घसा पार बसला आहे, तर फोनवर मला त्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही. 'ध्रुवनौका' मी मध्यंतरी नातीला इंटरनेटवर शोधायला लावली होती. सापडली नाही. तिच्या फिती पुसून त्यांच्यावर दुसरं काही भरलं असेल, असं भाऊ म्हणतो. त्याला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

त्या दुसऱ्या भागाचे उरलेले सात हप्ते मात्र आम्ही पाहिले. शेवटच्या हप्त्यातही यान भरकटलेलंच होतं. एक निळा ठिपका लांब दिसला, कप्तान बाईनं तिकडे बोट दाखवलं आणि तिथंच संपलं. तिसरा भाग येईल असं सगळे धरून चालले होते. तो आलाच नाही. बाबूजी बरेच महिने गजभिये सरांना विचारत राहिले, काही खबर आली का म्हणून, आणि सर बिचारे दर वेळी पेपर चाळून सांगत, अजून नाही.

मला सर्वांत नीट आठवतो तो मुंबईहून आल्यानंतरचा पहिला रविवार. भाऊ मालिकेतून गेल्यामुळे बाजारओळीतले लोक कमी झाले होते. रमाकाकू, सर, आम्ही मायलेकी, एवढेच. आईनं पोहे केले होते. दहाला पाच मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली आणि बाबूजी वर आले. दुकान उघडं टाकून, सकाळच्या वेळी, ते आजवर कधी वर आले नव्हते. त्यांनी भिंतीशी बसकण मारली आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. "आता काय पाहता?" ती म्हणाली. "तो तं नाई ना त्याच्यात."

"बाकीचे सहाजन हायेत ना," बाबूजी म्हणाले. "घरी पोचते का नाई पाहा लागन. त्यायलेही मायबाप असन."